विनोदाचा पत्ता

विनोदाचा विषय निघाला की मराठी माणूस पाच मिनिटांत समर्थ रामदासांना साक्षीला बोलावतो. विनोद टवाळांना आवडतो असं समर्थांनी दासबोधात लिहून ठेवलंय, तेव्हा शहाण्यानं गंभीर राहावं, असा त्या साक्षीचा सारांश. हे मला शाळेत मास्तरांनी ऐकवलं, ट्रेनिंग सेंटरमध्ये एका मराठी उस्तादांनी ऐकवलं, आणि गेल्या महिन्यात इथं बरगीला आमच्याच एका सांगलीकर हवालदारानं ऐकवलं. फौजेला तर हा दाखला फारच सोयीचा. शिस्त पाहिजे ना, मग दात कशाला काढता?

मला हे कधी पटलं नाही. आपल्याकडे तेराव्या शतकापासून सतराव्यापर्यंत ज्यांनी मराठीत काही मोलाचं सांगितलं, त्यातले बहुतेक सगळे हसत हसत सांगून गेले. रामदाससुद्धा. आणि त्यांचा काळ काही हसण्याखेळण्याचा नव्हता. स्वाऱ्या, दुष्काळ, वेठबिगार, जातीची उतरंड, सगळं डोक्यावर होतं. अशा काळात ही माणसं कशावर हसत होती आणि कशासाठी, हे बघण्यासारखं आहे. आपल्या बराकीतल्या हसण्याशीही त्याचा संबंध आहे. तो पुढे सांगतो.

आधी जागेची ओळख. जबलपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर बरगी येतं. इथं नर्मदेवर मोठं धरण आहे. ते १९९० मध्ये पूर्ण झालं. जलाशयाला रामगढच्या राणी अवंतीबाईंचं नाव दिलेलं आहे, त्याच ज्या १८५७ च्या लढ्यात इंग्रजांशी लढता लढता गेल्या. मराठी फौजांना हा मुलूख नवा नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं गोंड राज्य घेतलं, १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या हाती पडलं. आमची तुकडी पाण्यावरच्या सरावासाठी काही आठवडे इथं आहे. दिवसा बोटी आणि दोर, संध्याकाळी रोल कॉल, लंगर, आणि मग मोकळा वेळ. माझ्या ट्रंकेत दासबोध, नाथांची भारुडं आणि तुकोबांची गाथा कायम असतात. त्यांच्या जोरावर हा लेख.

आता रामदासांपासूनच सुरुवात करू. ज्या ओवीचा दाखला सगळे देतात ती दासबोधाच्या सातव्या दशकातली. तिथं विषय श्रवणाचा आहे, म्हणजे काय ऐकावं आणि कुणाला काय ऐकावंसं वाटतं याचा. ज्याची जशी वृत्ती तशी त्याची आवड, अशी एक यादी समर्थ देतात आणि त्या यादीत टवाळाच्या वाट्याला विनोद येतो. भजनाच्या, विचाराच्या जागी ज्याला फक्त चेष्टाच हवी असते त्याच्याबद्दल ते बोलत आहेत. एवढ्यावरून रामदास हसण्याच्या विरुद्ध होते असं म्हणणं म्हणजे संत्रीनं एकाला गेटवर अडवलं, म्हणून गेटच कायमचं बंद आहे असं समजण्यासारखं.

कारण त्याच दासबोधाचा दुसरा दशक उघडा. पहिलाच समास मूर्खांच्या लक्षणांचा. एकामागून एक मूर्ख समोर उभे केलेत, फॉल-इन घेतल्यासारखे. स्वतःची स्तुती स्वतःच करणारा. स्वतः हलाखीत असताना वाडवडिलांचे मोठेपण सांगत बसणारा. अंगात कुवत नसताना हुकूम सोडणारा. आणि हो, काही कारण नसताना हसणारासुद्धा. प्रत्येकाच्या शेवटी तोच शिक्का पुन्हा पुन्हा बसतो. हा समास मोठ्यानं वाचून बघा. पहिल्या दहा लक्षणांना आपण हसतो, कारण शेजारचा दिसतो. अकराव्याला जरा सावरून बसतो. विसाव्यापर्यंत आपलाच नंबर लागलेला असतो. बरं, ज्यांना वाटतं आपण शिकलेले, आपण सुटलो, त्यांच्यासाठी त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खांचा वेगळा समास ठेवलाय. ज्ञान बोलायचं, आचरायचं नाही, वर गर्व धरायचा, अशा विद्वानांची तिथं परेड आहे. ज्याला विनोदाचं वावडं आहे त्याच्या हातून हे लिहून होणार नाही. रामदासांना वावडं होतं ते विनाकारण हसण्याचं. कारण असेल तर ते हातचं राखत नाहीत.

त्यांच्याही चारशे वर्षं मागे जाऊ. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या मंडळींनी मराठीत गद्य लिहायला घेतलं. चक्रधरस्वामींच्या मागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांच्या शिष्यांत केशवराज सूरी हा मोठा संस्कृत पंडित. हे महाराज संस्कृतात लिहू-बोलू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना जे सुनावलं ते स्मृतिस्थळ या ग्रंथात आहे. तुमचं ते संस्कृत मला कळत नाही, मला स्वामींनी मराठीत सांगितलं, आणि तुम्ही असं लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बिचाऱ्या लुबाडल्या जातील, असा त्याचा भाव. नागदेवाचार्य काही अडाणी नव्हते. संस्कृतातल्या विभक्तीच्या रूपांची थोडी नक्कल करून त्यांनी पंडिताची फिरकी घेतली, पण कुणासाठी? पंथातल्या म्हाताऱ्यांसाठी. ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हता, ऐकता मात्र येत होता, त्यांच्यासाठी. हसू पंडिताच्या खर्चानं आणि फायदा म्हातारीचा. मराठीतल्या विनोदाचा हा फार जुना आणि फार सरळ हिशेब आहे.

चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे. त्यांच्या लीळा वाचताना तर माणूस चक्रावतो. कुणाच्याही घरात शिरायचं, मनाला येईल ते मागून खायचं, पोरांत खेळायचं, एकट्यानंच हसायचं, मध्येच लटकं रागवायचं. गावातले लोक त्यांना वेडे म्हणत आणि मायबापही म्हणत. पण त्यांच्या वेडेपणात एक गोष्ट पक्की होती. ते कुठल्याही जातीच्या उंबऱ्याला अडखळत नव्हते. शहाण्यासारखं वागायचं तर गावाचे नियम पाळावे लागले असते. वेड्याला कोण अडवणार? म्हाइंभटांनी आणि इतरांनी हे सगळं जसं ऐकलं तसं, साजशृंगार न करता लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला त्यांचं हसणं ऐकू येतं.

वारकऱ्यांच्या परंपरेत तर गोष्टीच गोष्टी आहेत. त्या इतिहास म्हणून कोर्टात टिकतील असं नाही, पण लोकांनी त्या सातशे वर्षं सांगितल्या, हाही इतिहासच. चांगदेवांची बघा. योगबळानं चौदाशे वर्षं जगलेला हा माणूस ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यातच अडला. वयानं लहान म्हणून चिरंजीव लिहावं, तर ज्ञानानं मोठे. तीर्थरूप लिहावं, तर पोरगं वयानं केवढंसं. शेवटी कोराच कागद पाठवला. तो बघून मुक्ताबाई म्हणाल्या म्हणे, चौदाशे वर्षं झाली तरी हे कोरेच राहिले. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, तीच चांगदेव पासष्टी. फौजेत ज्यानं वरिष्ठाला पहिला अर्ज लिहिलाय त्याला चांगदेवांची अडचण लगेच कळेल. आमच्याकडेही मायना लिहिण्यात अर्धा तास जातो आणि मजकूर दोन ओळींचा निघतो.

याच मुक्ताबाईंनी संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांना विचारलं, काका, यातलं कुठलं मडकं कच्चं ते सांगाल का? गोरोबा जातीचे कुंभार. त्यांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे कळवळले. झालं, हे मडकं कच्चं! पंढरीच्या विठ्ठलाशी बोलणारा नामदेव सगळ्यांदेखत कच्चा ठरला. तो रुसला, पण परंपरा पुढे सांगते ते महत्त्वाचं. तो गुरू शोधत औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेला. विसोबा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव चिडला, पाय काढा म्हणाला. विसोबा म्हणाले, बाबा, मी म्हातारा, तूच माझे पाय उचल आणि देव नसेल तिथं ठेव. पुढचं सांगायला नको.

ही गोष्ट मी इथं एका शीख साथीदाराला सांगितली. तो म्हणाला, ही तर आमच्या गुरू नानकांची, मक्केतली. त्यांच्या जनमसाखीत खरोखरच अशीच गोष्ट आहे. त्याला नामदेवही माहीत होते, भगत नामदेव म्हणून. गुरू ग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदं आहेत. ज्याला आपल्या गोष्टींनी कच्चं मडकं ठरवलं, तोच पंजाबपर्यंत पोचला. माझ्या मते कच्चं ठरवून घ्यायची ज्याची तयारी असते तोच लांबचा पल्ला गाठतो.

आता नाथांकडे येऊ. एकनाथ पैठणचे, काळ १५३३ ते १५९९. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीचे अधिकारी. म्हणजे नाथांचं शिक्षण झालं ते एका लष्करी ठाण्यावर. गुरूंनी त्यांना हिशेबाला बसवलं होतं. एकदा एका पैची चूक सापडेना. सगळी रात्र दिव्याखाली चोपड्या उलटवल्या, पहाटे चूक सापडली आणि नाथांनी आनंदानं टाळ्या पिटल्या, अशी आख्यायिका आहे. क्वार्टरमास्टरच्या दुकानात ज्यानं ऑडिटच्या आदल्या रात्री खातं जुळवलंय त्याला ती टाळी नक्की ऐकू येईल.

या दफ्तराचा उपयोग नाथांनी काय केला ते बघा. त्यांची भारुडं तीनशेच्या आसपास. त्यांत जोशी आहे, विंचू चावलेला आहे, भुतं आहेत, सासरी गांजलेली बाई आहे. आणि चक्क सरकारी कागदही आहेत. अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र. अर्जदस्त म्हणजे खालच्या अंमलदारानं वरच्याला पाठवलेला विनंतीअर्ज. नाथांच्या अर्जदस्तात अर्जदार आहे जिवाजी शेकदार, सोबत बुधाजी कारकून. नेमणूक शरीराबाद परगण्यात. तक्रार अशी की परगण्यातली वजनदार मंडळी सरकारी काम चालू देत नाहीत. दंभाजी शेट्या कचेरीत ठाण मांडून बसतो, मनीराम देशमुख आपलं तेवढं परस्पर उरकून घेतो, ममताई देशपांडीण सगळ्या परगण्याला जेरीस आणते, क्रोधाजी नाईकवाडी सगळी नासाडी करतो. तेवढ्यात यमाजीपंतांचं बोलावणं येऊन थडकतं. त्या धाकानं एकेक गाव ओसाड पडायला लागतं. नाकाचं, कानाचं, डोळ्यांचं, दातांचं. म्हातारपणाचं असं वर्णन जगात क्वचितच कुणी केलं असेल. अर्ज अर्थातच सद्गुरूसाहेबांकडे केलेला आहे.

हे ऐकणाऱ्याला दोन्हीकडून हसू येत असणार. रोज ज्या फारसी कागदांनी त्याला छळलं त्याच कागदाची भाषा इथं वेशीवर टांगलेली. आणि त्याच वेळी छळणारे देशमुख-देशपांडे आपल्याच अंगात बसलेले आहेत, हेही कळलेलं. सत्तेवर हसता हसता माणूस स्वतःपाशी येऊन पोचतो. आमच्या भाषेत सांगायचं तर नाथांनी स्वतःच्या शरीराचा सिटरेप लिहिला. नफरी कमी, ठाणी हातची गेली, मदत पाठवा.

ओसाड गावांवरून बरगीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. या धरणात मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतली १६२ गावं बाधित झाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कडेची जमीन उघडी पडते, लोक तिथं पीक घेतात, पाणी चढलं की पुन्हा मागे सरकतात. काठावर मासे धरणारे एक बुजुर्ग आमच्याशी बोलायला यायचे. मी सहज विचारलं, बाबा, तुमचं गाव कुठलं? त्यांनी हात पाण्याकडे केला आणि म्हणाले, तिकडं, पण आता पत्ता माशांना विचारावा लागेल, सरपंच तेच आहेत. आम्ही हसलो, तेही हसले. मग कुणीच काही बोललं नाही. त्या रात्री मी नाथांचं अर्जदस्त पुन्हा वाचलं, तर त्यात पहिल्यापेक्षा दुःख जास्त दिसलं. ज्याचं गाव गेलंय त्यानं स्वतःच केलेला विनोद आणि त्याच्या गावावर दुसऱ्यानं केलेला विनोद, शब्द तेच असले तरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच मुद्द्यावर आमच्याकडे एक प्रसंग घडला. सरावात एक नवा जवान बोटीतून पाण्यात पडला. लाइफ जॅकेट होतं, धोका काही नव्हता, पण पडताना तो आईच्या नावानं ओरडला. सगळे हसले. इथवर ठीक. पण त्याचं नावच पडलं, आणि चार दिवस ते नाव रोल कॉलपासून लंगरपर्यंत त्याच्यामागे फिरलं. पाचव्या दिवशी पोरगं ताट घेऊन लांब एकटं जाऊन बसलं. आमचे सुभेदारसाहेब गढवालचे, बोलायला कमी. संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, हसा, पण बिल कुणाच्या नावावर फाडताय ते बघा. आणि मग त्यांनी स्वतःच्या रंगरूटपणीची गोष्ट सांगितली. पोहता येतं असं ठोकून दिलं होतं आणि गुडघाभर पाण्यात बुडता बुडता वाचले. इतके हसलो की पोटं दुखली. तो जवान सगळ्यांत जास्त हसत होता. दुसऱ्या दिवसापासून ते नाव कुणी घेतलं नाही.

सुभेदारसाहेबांनी जे केलं ते तुकोबांनी आयुष्यभर केलं. तुकोबांच्या तरुणपणी, १६३० च्या सुमाराला दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, धंदा बुडाला, गावात पत गेली. या माणसानं त्यावर काय करावं? देवाचे आभार मानले. दिवाळं निघालं, बरं झालं. दुष्काळानं पिडलं, बरं झालं. बायको कजाग मिळाली, तेही बरंच झालं. या सगळ्यामुळे मी तुझ्याकडे वळलो, असा त्या अभंगाचा भाव आहे. दुसरीकडे ते देवाला सांगतात की मला कुणब्याच्या जन्माला घातलंस ते चांगलं केलंस, नाहीतर गर्वानं माझा निकाल लागला असता. वरवर नम्रता, पण गावातल्या ज्या कुणाला जन्माचा गर्व होता त्याला ते बरोबर जाऊन लागतं. स्वतःच्या नावावर बिल फाडून घेतलेल्या माणसाला मग भोंदू साधूंवर कोरडे ओढायचा हक्क मिळतो, आणि तुकोबांनी तो सढळ हातानं वापरला.

त्यांनी पाइकावरही अभंग लिहिले आहेत. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. शिवाजी महाराजांच्या माणसांसाठी ते रचले असं परंपरा सांगते. खरा पाईक कोण आणि नुसता पोटासाठी हत्यार बांधणारा कोण, हा फरक त्यांत स्वच्छ सांगितलाय. आपल्या पेशाविषयी इतकं नेमकं बोलणारा वाणी पुन्हा झाला नाही. माजी सैनिकांनी ते जरूर काढून वाचावेत. आपण त्यातले कुठले, याचं उत्तर ज्यानं त्यानं द्यावं.

नाथांचं आणखी एक काम सांगायचं राहिलं. हिंदू-तुर्क संवाद. दोघं भांडतात. एकमेकांच्या देवाधर्मातल्या गोष्टी काढून यथेच्छ टिंगल करतात. आज कुणी तसं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी बंदोबस्त लावावा लागेल. पण नाथ त्यांना शेवटी एकमेकांना आलिंगन द्यायला लावतात. आधी मनातलं सगळं बाहेर काढू दिलं, म्हणून ते आलिंगन खोटं वाटत नाही. हे सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या मुलखात, पैठणसारख्या शास्त्रीपंडितांच्या गावात. आमच्या युनिटमध्ये मंदिर, मशीद, गुरुद्वारा एकाच छपराखाली असतात. तिथली थट्टा ऐकली की मला हा संवाद आठवतो. ती थट्टा चालते, कारण दोघांनाही ठाऊक असतं की रात्री एकाच मोर्चात उभं राहायचंय. ते ठाऊक नसेल तर तेच शब्द विष होतात.

आता एक अवघड गोष्ट. जुनं ते सगळं सोनं असं मला म्हणायचं नाही. या साहित्यात बायकांवर, बहिऱ्या-आंधळ्यांवर, खालच्या मानलेल्या जातींच्या बोलण्याचालण्यावर केलेली थट्टाही आहे. तिचा अर्थ अध्यात्माचा लावता येतो आणि लावलाही जातो. पण फडावर ऐकणाऱ्या सगळ्यांनाच तो अर्थ पोचला असेल असं नाही. नाथांच्या भारुडात सासरी गांजलेली सून भवानीला नवस बोलते की सासरा, सासू, जाऊ, नणंद, शेवटी नवरासुद्धा, एकेकाला वाटेला लाव आणि मला एकटीला राहू दे. कीर्तनकार सांगतात, ती बाई म्हणजे जीव आणि सासर म्हणजे विकार. खरं आहे. पण ऐकायला बसलेल्या सुना त्या क्षणी जीव आणि विकारांचा विचार करत होत्या असं मला वाटत नाही. त्यांना आपल्या मनातलं कुणीतरी मोठ्यानं बोललेलं ऐकायला मिळत होतं, आणि तेही देवळात, सासूच्या शेजारी बसून.

आणि काही ठिकाणी उपरोध इतका खोल जातो की हसू थांबतं. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई विठ्ठलाला एकेरीत शिव्या घालते. तिला देवाशिवाय दुसरं कुणी रागावण्याइतकं हक्काचं नव्हतं. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा देवाला विचारतो की आम्हाला हलक्या जातीत घातलंस, जन्मभर उष्टं खायला लावलंस, तुला याची लाज कशी वाटत नाही? यावर कुणी हसू नये. पण हीसुद्धा त्याच घराण्यातली भाषा आहे. वरच्याला, अगदी सगळ्यात वरच्यालाही, जाब विचारणारी.

तर रामदासांच्या साक्षीचं काय? माझ्या मते साक्ष खरीच आहे, आपण ती अर्धी ऐकली. विनोदाला पत्ता लागतो. नागदेवाचार्यांच्या विनोदाचा पत्ता पंडिती तोरा होता, नाथांचा पत्ता कचेरी आणि स्वतःचं शरीर, तुकोबांचा पत्ता तुकोबा, जनाबाईचा आणि कर्ममेळ्याचा थेट विठ्ठल. ज्या हसण्याला असा पत्ता नसतो ते भटकत भटकत सगळ्यांत दुबळ्या माणसाच्या दारात जाऊन थांबतं. त्यालाच समर्थ टवाळी म्हणाले असावेत.

फौजेत हसणं बंद करता येत नाही आणि करूही नये. सियाचीनला, राजस्थानच्या रेतीत, पूर्वेच्या जंगलात, जिथं जिथं मी राहिलो तिथं भीतीवर पहिली मलमपट्टी विनोदानंच झालेली पाहिली आहे. पण नवीन जेसीओ आणि हवालदार मंडळींना माझं एवढं सांगणं आहे. तुमच्या तुकडीत कोण किती हसतंय हे मोजू नका. कोणावर हसतंय ते बघा. खालच्यावर हसत असतील तर तुकडी आतून पोखरली जातेय. स्वतःवर आणि तुमच्यावर हसत असतील तर निर्धास्त झोपा, तुकडी मजबूत आहे. तुमच्यावर हसतायत ते तुम्हाला ऐकू आलं, तर मात्र न ऐकल्यासारखं करायला शिका. तेही नेतृत्वच आहे.

जय हिंद.